वाचकांचे प्रश्न : ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या आणि त्यांचे अनुवाद

किशोर वाचकांसाठीच्या अनुवादित पुस्तकांवर गेल्या अंकात टिपण आले. त्यानंतर आलेल्या पत्रांत ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराविषयीची पत्रे इतकी होती की या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

माझी मुलगी सातवीत आहे आणि इंग्रजी चांगले वाचते. तिच्यासाठी मी आंतरजालावरून ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ आणि ‘द मिस्टीरियस आयलंड’ मोफत उतरवून घेतली, परंतु दोन्ही पुस्तके तिने अर्ध्यावर सोडली. भाषा जड आहे आणि मधूनच काहीतरी गळल्यासारखे वाटते, असे ती म्हणते. व्हर्न आता जुना झाला, असे समजायचे का? – एक पालक, नाशिक

आपल्या मुलीचे निरीक्षण अचूक आहे, कारण तिच्या हातात पडलेल्या पुस्तकांतून खरोखरच बराच मजकूर गळालेला असणार. व्हर्न 1905 साली वारला, त्यामुळे त्याच्या पुस्तकांवर कोणाचाही हक्क उरलेला नाही. मात्र मोफत मिळतात ते बहुतेक अनुवाद एकोणिसाव्या शतकातलेच असतात, आणि त्या काळच्या इंग्रज अनुवादकांनी व्हर्नचे फार नुकसान केले. ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज’चा सर्वांत प्रसार पावलेला अनुवाद लुई पेज मर्सियर या धर्मोपदेशकाचा आहे. त्याने मूळ पुस्तकाचा पाचव्या हिश्शाहून अधिक भाग वगळला. त्यात सागरी जीवांची वर्णने गेली, यंत्रांचे हिशेब गेले आणि कादंबरीतील पाणबुडीचा कप्तान निमो याच्या तोंडची काही बोलणीही गेली. वॉल्टर जेम्स मिलर या अमेरिकन अभ्यासकाने 1965 साली हे उघडकीस आणेपर्यंत इंग्रजी वाचक या कापलेल्या पुस्तकालाच व्हर्न समजत होते, आणि हा लेखक मुलांपुरता, विज्ञानात कच्चा आहे, असा शेराही त्याच्यावर मारत होते.

पुस्तक घेण्यापूर्वी पात्रांची नावे पाहावीत. भूगर्भातील प्रवासाच्या कादंबरीतील प्राध्यापकाचे नाव मुळात लीडेनब्रॉक आणि त्याच्या पुतण्याचे अ‍ॅक्सेल असे आहे. 1871च्या इंग्रजी अनुवादात त्यांचे हार्डविग आणि हॅरी झाले. ‘द मिस्टीरियस आयलंड’चा नायक सायरस स्मिथ हा अभियंता आहे, आपल्या प्रतीत तो सायरस हार्डिंग असेल, तर तो 1875चा जुना अनुवाद आहे, हे ओळखावे. विल्यम बुचर यांनी ऑक्सफर्डसाठी केलेले अनुवाद मूळ फ्रेंच संहितेशी इमान राखून केलेले आहेत, आणि ‘मिस्टीरियस आयलंड’चे सिडनी क्रॅविट्झ व जॉर्डन स्टंप यांचे दोन संपूर्ण अनुवाद 2001 साली प्रसिद्ध झाले. यांपैकी एखादा अनुवाद ग्रंथालयात मिळाला तर मुलीला त्यातून पुन्हा वाचायला द्यावे, असा माझा आग्रह आहे. ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’चा जॉर्ज टोल यांचा जुना अनुवाद मात्र बराच प्रामाणिक आहे, त्यामुळे ते पुस्तक मोफत प्रतीतून वाचायला हरकत नाही. सातवीतल्या मुलीने सुरुवातही त्यानेच करावी.

व्हर्न हा बालसाहित्यिक होता की नाही? आमच्या वाचनमंडळात यावर मोठा वाद झाला. – एक ग्रंथपाल, सातारा

वादाचे मूळ व्हर्नच्या प्रकाशकात आहे. 1828 साली नाँत या बंदराच्या गावी जन्मलेला व्हर्न पॅरिसला कायदा शिकायला गेला, नाटकांच्या नादी लागला, आणि पोटासाठी शेअर बाजारात काम करू लागला. पियेर-ज्यूल एत्झेल हा प्रकाशक भेटल्यावर 1863 साली ‘फुग्यातून पाच आठवडे’ ही त्याची पहिली कादंबरी निघाली. एत्झेल हा स्वतः मुलांसाठी लिहिणारा आणि विचारांनी कट्टर प्रजासत्ताकवादी होता. लुई नेपोलियनने 1851 साली केलेल्या सत्तापालटानंतर त्याने काही वर्षे हद्दपारीत काढली होती. फ्रान्समधील शिक्षणावर चर्चचा पगडा असताना घराघरांतून विज्ञान पोहोचावे, या हेतूने त्याने शिक्षणप्रसारक जाँ मासे यांच्यासह 1864 साली ‘शिक्षण आणि मनोरंजन’ अशा अर्थाच्या नावाचे पाक्षिक काढले, आणि व्हर्नच्या पुष्कळ कादंबऱ्या आधी तिथेच क्रमशः छापून आल्या. नंतर त्या सचित्र, लाल-सोनेरी बांधणीत निघत आणि नववर्षाला मुलांना भेट म्हणून दिल्या जात. भूगोल, भूगर्भ, पदार्थविज्ञान आणि खगोल यांत आधुनिक विज्ञानाने मिळवलेले सगळे ज्ञान या मालिकेत गोळा करायचे आहे, अशी घोषणा एत्झेलने 1866 साली प्रस्तावनेत केली होती.

म्हणजे पुस्तके घरातल्या सर्वांनी मिळून वाचावीत अशी होती, आणि मुले त्या घरातच होती. या व्यवस्थेने व्हर्नला चाळीस वर्षे वाचक दिला, पण त्याच्या हाताला बांधही घातला. विसाव्या शतकातील पॅरिसविषयीची त्याची एक उदास कादंबरी एत्झेलने सुरुवातीलाच परत केली आणि ती प्रसिद्ध व्हायला 1994 साल उजाडले. तेव्हा मंडळाच्या वादावर माझे मत असे की व्हर्न मुलांचा लेखक होता, परंतु मुलांना कमी समजते असे गृहीत धरणारा लेखक तो नव्हता. तो समज पुढच्या संक्षेपकारांचा.

कॅप्टन निमो भारतीय होता, असे आजोबा सांगतात. मी ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज’ वाचले, त्यात तसे कुठेच नाही. – इयत्ता नववीची विद्यार्थिनी, कोल्हापूर

तुझे आजोबा म्हणतात ते खरे आहे, आणि तू वाचलेल्या पुस्तकात ते नाही हेही खरे आहे. 1869-70 मध्ये आलेल्या त्या कादंबरीत निमोचा देश व्हर्नने जाणूनबुजून सांगितलेला नाही. त्याच्या मूळ योजनेत निमो हा पोलिश होता. 1863च्या पोलिश उठावात रशियन सैन्याने त्याचे कुटुंब संपवले आणि त्याचा सूड तो घेतो आहे, अशी कल्पना होती. एत्झेलची पुस्तके रशियातही खपत असल्याने त्याने याला ठाम नकार दिला. लेखक व प्रकाशक यांच्यात पत्रांतून बराच वाद झाला आणि शेवटी निमोला देशच ठेवायचा नाही, यावर तडजोड झाली.

तरीही एक खूण त्या कादंबरीत आहे, ती तू पुन्हा काढून वाच. निमोची पाणबुडी नॉटिलस सिंहलद्वीपाजवळ येते तेव्हा निमो आपल्या पाहुण्यांना मोत्यांचे शिंपले असलेल्या समुद्रतळाशी घेऊन जातो. तिथे एक गरीब भारतीय पाणबुड्या दगडाच्या आधाराने पुन्हा पुन्हा खाली उतरून शिंपले गोळा करत असतो. त्याच्यावर शार्क चालून येतो. निमो हातात केवळ सुरा घेऊन त्या शार्कला सामोरा जातो, भाल्याने शार्कला शेवटी मारतो तो पाहुण्यांपैकी नेड लँड, आणि निमो त्या माणसाला पाण्यावर आणून, शुद्धीवर आणून, त्याच्या हातात मोत्यांची थैली ठेवतो. मानवजातीशी संबंध तोडल्याचे सांगणारा हा मनुष्य असे का वागला, हे पाहुण्यांपैकीच असलेल्या प्राध्यापक अरोनाक्सला कळत नाही. त्यावर निमो किंचित भारावलेल्या स्वरात सांगतो की तो भारतीय दडपलेल्यांच्या देशाचा रहिवासी आहे, आणि शेवटच्या श्वासापर्यंत मीही त्याच देशाचा राहीन.

पूर्ण उलगडा 1874-75 मध्ये ‘द मिस्टीरियस आयलंड’च्या शेवटी होतो. निमो हा राजपुत्र डक्कर, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा आणि टिपू सुलतानाचा पुतण्या आहे. दहाव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी युरोपात पाठवले गेले, 1849 साली तो परतला, 1857च्या लढ्यात अग्रभागी राहून लढला, त्याची बायकामुले मारली गेली, आणि नंतर त्याने पॅसिफिकमधल्या एका निर्जन बेटावर नॉटिलस बांधली. इतिहासाच्या पुस्तकातून तपासायला गेलीस तर बुंदेलखंड आणि म्हैसूर यांचे हे नाते जुळणार नाही. व्हर्न भारतात कधी आला नव्हता. त्याला इंग्रजांशी लढलेली दोन मोठी नावे एकत्र हवी होती, इतकेच.

आता अनुवादाचा भाग, कारण माझ्या दृष्टीने या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत गंभीर गोष्ट ती आहे. वर उल्लेखलेला 1875चा इंग्रजी अनुवाद डब्ल्यू. एच. जी. किंग्स्टन यांच्या नावावर आहे (प्रत्यक्षात काम त्यांच्या पत्नीचे होते). व्हर्नने ब्रिटिशांच्या जुलमाविषयी लिहिलेला मजकूर त्यात नुसता वगळलेला नाही, तर त्याच्या जागी नवा मजकूर घातला आहे. महत्त्वाकांक्षी राजांनी भारतातील लोकांना फितवले, ज्या इंग्रज राज्यकर्त्यांनी त्यांना अराजकातून व सततच्या लढायांतून बाहेर काढून शांतता आणि भरभराट दिली त्यांच्याविरुद्ध उठायला लावले, अशा अर्थाचे वाक्य तिथे आहे. ते व्हर्नचे नाही. आज मोफत मिळणाऱ्या प्रतीत तेच वाक्य आहे आणि आपली मुले ते व्हर्नचे म्हणून वाचतात.

मूळ फ्रेंच पुस्तकही या बाबतीत अगदी निर्मळ नाही. मरताना निमो ‘देव आणि देश’ असे पुटपुटतो, असे छापलेले आहे. व्हर्नच्या हस्तलिखितात त्या जागी ‘स्वातंत्र्य’ हा एकच शब्द होता आणि बदल एत्झेलने करायला लावला.

‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’मध्ये मुंबई आणि आपल्या भागाचे जे वर्णन आहे ते कितपत खरे मानावे? – एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, कल्याण

आपल्या गावाचा उल्लेख त्यात आहेच, हे आपल्याला ठाऊक असेल. कादंबरीचा नायक फिलिअस फॉग ‘मंगोलिया’ बोटीने 20 ऑक्टोबर 1872 रोजी मुंबईत उतरतो. त्याचा नोकर पासपार्तू मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो, पुजाऱ्यांचा मार खातो आणि बूट तिथेच टाकून अनवाणी स्टेशन गाठतो. या बुटांवरून पुढे कलकत्त्यात त्याच्यावर खटला होतो. रात्री आठला निघालेली गाडी कल्याणवरून जाते, खंडाळा-पुण्याकडे जाणारा फाटा उजव्या हाताला राहतो, घाट चढून ती नाशिकमार्गे खानदेशात उतरते आणि बऱ्हाणपूरला पासपार्तू खोट्या मोत्यांची नक्षी असलेली चपलांची जोडी विकत घेतो. हे सारे व्हर्नने अमियाँ आणि पॅरिसच्या ग्रंथालयांत बसून, प्रवासवर्णने व वेळापत्रके समोर ठेवून लिहिले, हे लक्षात घेता चुका फार थोड्या आहेत.

रेल्वेच्या माणसाला खटकेल अशी बाब पुढे येते. खोल्बी नावाच्या ठिकाणी रूळ संपतात आणि अलाहाबादपर्यंतचा मार्ग अजून बांधलेला नाही, म्हणून फॉग दोन हजार पौंडांना हत्ती विकत घेतो. वास्तविक ग्रेट इंडियन पेनिन्सुला आणि ईस्ट इंडियन या दोन्ही रेल्वे मार्च 1870 मध्ये जबलपूरला एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या, म्हणजे फॉगच्या प्रवासाआधी दोन वर्षे. खोल्बी हे गाव नकाशावर नाही. कथेत हत्ती आणायचा होता, जंगल आणायचे होते आणि सतीच्या चितेवरून औदाला सोडवायचे होते, म्हणून व्हर्नने तयार लोहमार्ग तोडला. औदा ही मुंबईच्या श्रीमंत पारशी व्यापाऱ्याची मुलगी आणि सर जमशेटजी जिजीभाई यांच्या घराण्याच्या नात्यातली दाखवली आहे. पारशी मुलीला बुंदेलखंडच्या राजाची विधवा करणे हे आपल्या वाचकाला चमत्कारिक वाटणारच. सतीची मिरवणूकही युरोपीय वाचकाला भारताकडून जे अपेक्षित होते त्याचाच भाग आहे. मुलांबरोबर हे पुस्तक वाचताना सतीबंदीचा कायदा 1829 साली झाला होता, हे त्यांना अवश्य सांगावे.

त्या कादंबरीतील फुग्याचा प्रवास माझ्या प्रतीत नाही. प्रत अपुरी आहे का? – एक वाचक, पणजी

नाही, प्रत पुरी आहे. कादंबरीत फॉग फुग्यात बसतच नाही. तो प्रसंग 1956च्या हॉलिवूड चित्रपटातून लोकांच्या डोक्यात बसला आहे.

व्हर्नने नानासाहेब पेशव्यांवर कादंबरी लिहिली आणि ती आमच्या शहरात सुरू होते, असे ऐकले. हे खरे आहे का? – एक शिक्षक, छत्रपती संभाजीनगर

खरे आहे. 1880 साली आलेली ही कादंबरी इंग्रजीत ‘द स्टीम हाउस’ म्हणून ओळखली जाते. पहिल्या प्रकरणात 6 मार्च 1867 या तारखेचा जाहीरनामा औरंगाबादेत चिकटवलेला आहे : 1857च्या एका पुढाऱ्याला जिवंत वा मृत पकडून देणाऱ्यास दोन हजार पौंडांचे बक्षीस. नदीकाठच्या एका पडक्या बंगल्याच्या खांबावर लावलेल्या प्रतीचा खालचा भाग, जिथे नाव आहे नेमका तोच, एक फकीर फाडून नेतो. तो फकीर कोण, हे वाचक लगेच ओळखतो. पुढे नानासाहेब वेरूळच्या लेण्यांत आपल्या साथीदारांना भेटतो. दुसरीकडे कर्नल मन्रो आणि त्याचे मित्र पोलादी हत्तीच्या आकाराच्या वाफेच्या यंत्राला दोन फिरती घरे जोडून उत्तर भारतभर फिरत असतात.

मराठी वाचकाने हे पुस्तक डोळे उघडे ठेवून वाचावे. धोंडोपंतांना व्हर्न ‘नबाब’ म्हणतो, आणि कानपूरच्या हत्याकांडाची छाया त्यांच्यावरून कुठेच हटू देत नाही. नानासाहेब इथे सूडाने पेटलेला खलनायक आहे. तरीही निवेदक फ्रेंच आहे, आणि उठाव मोडताना इंग्रजांनी केलेल्या कत्तलींचीही नोंद पुस्तकात आलेली आहे. पाचच वर्षांपूर्वी त्याच लढ्यातून निमोसारखा नायक उभा करणाऱ्या लेखकाने हे लिहिले, ही विसंगती मला फार महत्त्वाची वाटते. नववी-दहावीच्या वर्गात दोन्ही पुस्तकांतील उतारे शेजारी ठेवून शिकवावेत, अशी आपल्याला मनापासून विनंती आहे. एकाच घटनेकडे एकच लेखक दोन बाजूंनी कसा पाहतो, याचे इतके जवळचे उदाहरण पाठ्यपुस्तकात मिळणार नाही.

व्हर्नच्या पुस्तकांत काळ्या वर्णाच्या पात्रांविषयी आणि ज्यूंविषयी अपमानास्पद मजकूर आहे. मुलांच्या आवृत्तीतून तो काढून टाकणे योग्य नाही का? – एक आई, ठाणे

मजकूर आहे, याबद्दल दुमत नाही. 1888च्या ‘टू इयर्स व्हेकेशन’मध्ये निर्जन बेटावर अडकलेली पंधरा मुले आपला प्रमुख निवडणुकीने ठरवतात, पण त्यांच्यातल्या मोको या जहाजावरच्या पोऱ्याला, तो काळा आहे म्हणून, मतदानाचा हक्क नाही, आणि लेखकाला त्यात काही वावगे वाटत नाही. धूमकेतूवरच्या प्रवासाच्या कादंबरीतील ज्यू व्यापाऱ्याचे चित्रण तर निव्वळ द्वेषाचे आहे.

सात-आठ वर्षांच्या मुलासाठी गोष्ट लहान करून सांगताना हे भाग आपोआप गळतील आणि ते गळावेत. परंतु ‘संपूर्ण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुस्तकातून ते गुपचूप काढणे मला मान्य नाही. किंग्स्टनच्या अनुवादात निमोचे जे झाले, तेही कोणाच्या तरी मते मुलांच्या हिताचेच होते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला मोकोचे पान वाचून दाखवावे आणि त्याला मत का नाही, असे विचारावे. मुले या प्रश्नाला थेट भिडतात, असा माझा अनुभव आहे.

आमच्या पिढीला भा. रा. भागवतांनी व्हर्न दिला. ती पुस्तके अनुवाद म्हणावीत की स्वतंत्र? आणि मराठीत आज काय हवे आहे? – एक ज्येष्ठ वाचक, पुणे. फ्रेंच शिकणाऱ्या एका विद्यार्थ्यानेही ‘व्हर्नचे मराठीत भाषांतर करायचे असल्यास सुरुवात कुठून करावी’ असे विचारले आहे. दोन्हींचे उत्तर एकत्र देत आहे.

मराठीशी व्हर्नचा संबंध भागवतांच्याही आधीचा आहे. ‘केरळ कोकिळ’ मासिकात विसाव्या शतकाच्या आरंभी ‘चंद्रलोकची सफर’ क्रमशः आली होती, आणि मराठी विज्ञानकथेचा इतिहास सांगणारे तिच्यापासूनच सुरुवात करतात. परंतु व्हर्न मराठी मुलांच्या घरचा झाला तो भागवतांमुळे. ‘बालमित्र’ मासिक चालवलेल्या आणि फास्टर फेणेला जन्म दिलेल्या या लेखकाने ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘समुद्रसैतान’ अशी पुस्तके दिली, तेव्हा त्यांना मूळ संहितेचे ओळीगणिक भाषांतर करायचे नव्हते. पुस्तक हातातून खाली ठेवू नये, असे मराठी त्यांना मुलांना द्यायचे होते, आणि ते त्यांनी दिले. ती रूपांतरे आहेत. त्यांचा वेग, त्यांतले संवादांचे खटके आणि शाळकरी मुलाच्या कानाची ओळख आजही कोणाला सहजी साधणार नाही. दहा वर्षांच्या मुलाला मी आजही प्रथम तीच देईन.

उणीव आहे ती त्याच्या पुढच्या टप्प्याची. पंधरा वर्षांच्या मराठी मुलाला निमो जसा व्हर्नने लिहिला तसा, थेट फ्रेंचमधून, टिपांसह मराठीत मिळायला हवा. युनेस्कोच्या अनुवादसूचीत व्हर्नचे स्थान जगात अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या खालोखाल आहे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकलेल्यांच्या कित्येक पिढ्या आपल्याकडे असताना, बुंदेलखंडच्या राजपुत्राची गोष्ट आपण इंग्रज अनुवादकांच्या मर्जीवर सोडावी, याचे मला दुःख होते.

फ्रेंच शिकणाऱ्या मित्राने म्हणून ‘द मिस्टीरियस आयलंड’च्या तिसऱ्या भागापासून, निमो आपली हकीकत सांगतो त्या प्रकरणापासून सुरुवात करावी. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ या संकेतस्थळावर एत्झेलच्या जुन्या आवृत्त्या चित्रांसह विनामूल्य पाहता येतात. त्या प्रकरणात आणि आधी आयर्टन या पात्राच्या हकिगतीत तारखा व्हर्नच्या आधीच्या दोन कादंबऱ्यांशी जुळत नाहीत. त्या दुरुस्त करू नयेत, कारण हा फरक मूळ आवृत्तीतच तळटीप देऊन कबूल केलेला आहे. ती तळटीपही भाषांतरात घ्यावी. एक प्रकरण पूर्ण झाले की ते या सदराच्या पत्त्यावर पाठवावे. मूळ फ्रेंचशी ताडून पाहण्याचे काम मी आनंदाने करीन.